पंधराशेवं बाळ

३१ जानेवारी १९४६ ला ट्रायेन्झा नावाचं जहाज नाउरूजवळ येऊन थांबलं. नाउरूला नैसर्गिक बंदर नाही. बेटाभोवती प्रवाळाचा कट्टा आहे आणि त्याची कड संपली की समुद्र एकदम खोल. म्हणून जहाज बाहेर उभं राहतं आणि माणसं होडीतून किनाऱ्यावर येतात. त्या दिवशी उतरली ती ७३७ माणसं. अडीच वर्षांपूर्वी, १९४३ मध्ये, जपानी सैन्याने याच बेटावरून १२०० जणांना उचलून जवळजवळ दोन हजार किलोमीटर दूर मायक्रोनेशियातल्या ट्रुकच्या बेटांवर राबायला नेलं होतं. त्यातले ४६३ जण तिथेच संपले. कुणी भुकेने, कुणी आजाराने, कुणी कामाखाली पिचून.

बरोबर २२ वर्षांनी, ३१ जानेवारी १९६८ ला, नाउरू स्वतंत्र झालं. तारीख मुद्दाम निवडलेली होती. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि न्यूझीलंड या तीन देशांच्या पालकत्वाखालून बाहेर पडताना नाउरूच्या लोकांनी परत आलेल्यांचा दिवस मागून घेतला. राज्यकर्ते कधी गेले यापेक्षा आपली माणसं कधी घरी आली, हे त्यांना जास्त मोलाचं वाटलं. हॅमर डीरोबर्ट हे तेव्हाचे त्यांचे पुढारी आणि नंतरचे पहिले राष्ट्राध्यक्ष. ट्रुकला नेलेल्यांत ते स्वतः होते. हे कळल्यावर त्या तारखेमागचा आग्रह मला नीट समजला. एखाद्या देशाने आपल्या जन्माची तारीख इतक्या जिव्हाळ्याने निवडल्याचं दुसरं उदाहरण निदान माझ्या माहितीत नाही.

नाउरू म्हणजे प्रशांत महासागरात विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला असलेलं एकच एक बेट. क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर. व्हॅटिकन आणि मोनॅको सोडले तर याहून लहान देश जगात नाही. अधिकृत राजधानीही नाही. संसद यारेन नावाच्या जिल्ह्यात भरते एवढंच. किनाऱ्याने बेटाला वळसा घालणारा एक रस्ता आहे, १९ किलोमीटरचा. लोकवस्ती बहुतेक त्या रस्त्याच्या कडेला. सर्वांत जवळची शेजारभूमी बानाबा, तीही ३०० किलोमीटरवर. झेंडा निळा, मधे विषुववृत्ताची पिवळी रेघ, आणि रेघेच्या खाली डाव्या बाजूला बारा टोकांचा पांढरा तारा. त्या बारा टोकांकडे मी पुन्हा येणार आहे.

मी मेलबर्नमध्ये राहते. इथल्या वर्तमानपत्रांत नाउरू येतं ते दोनच कारणांनी. एक म्हणजे फॉस्फेटच्या पैशाने एके काळी श्रीमंत झालेला आणि मग तो पैसा गमावून बसलेला देश म्हणून. दुसरं, २००१ पासून ऑस्ट्रेलियाने आश्रय मागणाऱ्या लोकांसाठी तिथे उघडलेल्या छावणीमुळे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या वाचून त्या लोकांबद्दल काहीच कळत नाही, आणि इतकी वर्षं मलाही कळलं नव्हतं. कळायला लागलं ते कामावरच्या एका मैत्रिणीमुळे. साठीला आलेली, शांत, कामात चोख बाई. तिची आई लहानपणी ट्रुकला नेलेल्यांत होती आणि त्या ७३७ जणांबरोबर परत आली होती.

एका ऑक्टोबरात तिने मला घरी जेवायला बोलावलं. २६ तारीख होती. वाढदिवस असेल म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, ‘आंगाम आहे. आमच्यात आज सगळ्यांनी एकत्र जेवायचं असतं.’

घर माणसांनी भरलं होतं. नारळाच्या दुधात मुरवलेली कच्ची मासळी, भात, भाजलेली कोंबडी, तळलेले मासे, केक, सगळं एका लांब टेबलावर. नारळाच्या दुधाचा वास आला आणि मी तिथे पाहुणी आहे हे विसरून गेले. वाढायला घेण्याआधी घरातली सगळ्यांत म्हातारी बाई, माझ्या मैत्रिणीची मावशी, खुर्चीतून उठली. तिने एकेकाकडे बोट करत माणसं मोजायला सुरुवात केली, मोठ्याने, त्यांच्या भाषेत. कुणी बाहेर सिगरेट ओढायला गेलं होतं, त्याला हाक मारून आत बोलावलं. पाळण्यात झोपलेलं पोर मोजलं. मग माझ्याकडे बोट आलं. मी ‘मला नको’ अशी मान हलवली, तर माझ्या दंडाला धरून तिने मला मोजलंच. मोजणी संपल्यावर आकडा सांगितला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग प्रार्थना झाली. हा त्यांच्या घरचा रिवाज. सगळ्या नाउरूत असंच करतात असा माझा दावा नाही. पण आंगामचा दिवस ज्या घटनेतून आला ती ऐकल्यावर या मोजण्याचं मला अजिबात नवल वाटलं नाही.

घटना शंभर वर्षांपूर्वीची. १९१८ ची जी इन्फ्लुएंझाची साथ मुंबईत बोटीने उतरली आणि मग महाराष्ट्रभर घरंच्या घरं रिकामी करत गेली, तीच नाउरूला उशिरा, १९२० मध्ये पोचली. बेटावरचे मूळ लोक आधीच थोडे होते. साथीनंतर ते हजाराच्या थोडेसेच वर उरले. पाठोपाठ कुष्ठरोग पसरला. पहिल्या महायुद्धानंतर बेटाचा कारभार ऑस्ट्रेलियाकडे आला होता आणि ब्रिगेडियर जनरल टॉमस ग्रिफिथ्स हे पहिले प्रशासक होते. जाणकारांचं त्या वेळी म्हणणं पडलं की किमान १५०० माणसं असल्याशिवाय ही जमात टिकणार नाही. ग्रिफिथ्स यांनी लोकांना जमवून हे सांगितलं, आणि ठरलं की ज्या दिवशी १५०० वं मूल जन्माला येईल तो दिवस कायमचा सणाचा. सणाचं नावही तेव्हाच ठरलं, आंगाम. संकटातून पार पडून घरी पोचल्याचा आनंद त्यांच्या भाषेत या नावाने ओळखतात.

आकडा परक्या अधिकाऱ्याचा होता. एखाद्या जमातीला तगायला नेमकी किती माणसं लागतात, हे असं बेरीज करून सांगता येतं का, याची मला शंका आहे. पण लोकांनी तो आकडा मनावर घेतला. पुढची दहा-अकरा वर्षं ते बेट बाळंतपणं मोजत होतं. कुठल्या घरी पाळणा हलला याची बातमी सगळ्या जिल्ह्यांत जायची असणार. एवढ्याशा जागेत दुसरं होणार काय!

त्या वर्षांतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती माडीची आहे आणि मी रत्नागिरीकडची. नाउरूचे लोक माडाच्या पोयीचा रस काढत, गोडही पीत आणि आंबवूनही पीत. कारभाऱ्यांनी आंबलेल्या माडीवर बंदी आणली. दारू वाईट एवढंच त्यांना माहीत. तोपर्यंत लोकांचं खाणंही बदललं होतं. दुकानातला सडीक पांढरा तांदूळ आणि पीठ घरोघरी आलं होतं. अंगावर पिणारी तान्ही बाळं दगावू लागली. सरकारी डॉक्टर ब्रे यांनी शोध घेतला तेव्हा लक्षात आलं की हा बेरीबेरी आहे, बी जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा. आंबलेल्या माडीत जे यीस्ट असतं त्यातून आयांना ते जीवनसत्त्व मिळत होतं आणि बंदीने नेमकं तेच तोडलं होतं. मग आयांना माडीचं यीस्ट द्यायला लागले आणि बाळं वाचू लागली. हे सगळं १९२० च्या दशकातलं. पंधराशेवं बाळ जन्माला यावं म्हणून वाट बघणाऱ्या सरकारच्याच एका फतव्याने बाळं जात होती. आणि त्यांना वाचवलं ते त्या लोकांच्याच जुन्या पेयाने.

२६ ऑक्टोबर १९३२ ला पंधराशेवं बाळ जन्मलं. मुलगी झाली. ठरल्याप्रमाणे सण झाला, आणि तोच दिवस पक्का झाला.

मग युद्ध आलं. ऑगस्ट १९४२ मध्ये जपानने बेट घेतलं आणि धावपट्टी बांधायला काढली. हीच धावपट्टी आज त्यांचा विमानतळ आहे. माणसं हलवली ती १९४३ मध्ये, दोन जहाजं भरून. त्याच वर्षी कुष्ठरोगाच्या ३९ रुग्णांना एका होडीत बसवून समुद्रात नेलं आणि होडी बुडवली. हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबले. ज्या आजारामुळे त्या माणसांना वर्षानुवर्षं वेगळं ठेवलं गेलं होतं, तोच आजार त्यांना मारण्याचं कारण ठरला.

ट्रुकमध्ये लोकांना एकत्र धरून ठेवणारे होते टिमोथी डेटुडामो. हा माणूस मोठा दूरदृष्टीचा. युद्धाच्या आधी, १९३८ मध्ये, त्यांनी बेटाच्या जुन्या कथा, चालीरीती, वंशांची माहिती सांगून लिहून ठेवली होती. ज्यांच्या तोंडी त्या होत्या त्यातले कितीतरी लोक ट्रुकहून परतले नाहीत. कागदावर उतरवलेलं तेवढं राहिलं. परत आल्यावर बेटाची सूत्रं डेटुडामोंकडे आली आणि पुढे काही वर्षांनी डीरोबर्टकडे.

परतलेली माणसं आणि बेटावर मागे राहिलेली माणसं मिळून आकडा पुन्हा १५०० च्या खाली गेला होता. पुन्हा मोजणी सुरू. ३१ मार्च १९४९ ला दुसरं पंधराशेवं बाळ आलं. दोनदा पंधराशेवर पोचले ते लोक, सतरा वर्षांत. सण मात्र पहिल्याच तारखेला ठेवला.

नाउरूचे हे दोन दिवस वेगवेगळ्या तऱ्हेने साजरे होतात. ३१ जानेवारी सरकारी आहे. झेंडावंदन, भाषणं, सरकारी खात्याखात्यांमध्ये खेळांच्या आणि समूहगानाच्या स्पर्धा, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी खास मेजवानी. समूहगान ही तिथे चर्चमधून आलेली गोष्ट, पण आता ती त्यांचीच झाली आहे. खात्यातले कारकून, नर्सा, पोलीस महिनाभर सराव करतात असं मैत्रीण सांगते. २६ ऑक्टोबर घरचा. ज्याने त्याने आपलं गणगोत जमवायचं आणि जेवू घालायचं. तिला दोन्हींत कुठला जास्त आवडतो असं विचारलं तर तिने जानेवारीचा सांगितला, गाण्यासाठी. मला ऑक्टोबर जास्त भिडतो.

त्या जेवणानंतर मावशींनी पिशवीतून दोऱ्याचं एक भेंडोळं काढलं. दोन टोकं गाठीने जोडलेला, वेणीसारखा विणलेला बारीक दोरा. आपल्याकडे मुलं बोटांत दोरा अडकवून पाळणा करतात, तो खेळ जगभर आहे. पण नाउरूइतका तो कुणी पुढे नेला असेल असं वाटत नाही. ऑनर मॉड नावाच्या अभ्यासक बाईंनी प्रशांत महासागरातल्या कितीतरी बेटांवरच्या दोऱ्याच्या आकृत्या नोंदवून ठेवल्या, त्यात नाउरूच्या आकृत्या गुंतागुंतीत सगळ्यांवर ताण करतात. मावशींनी दोन्ही तळहात समोर धरले. अंगठा आणि करंगळीत दोरा ताणला. डाव्या हाताच्या मधल्या बोटाने उजव्या तळव्यावरचा दोरा उचलला, उजव्याने डाव्याचा. इथवर मलाही येतं. मग त्यांनी एक फास अंगठ्यावरून सोडला, दुसरा दातात धरला, मनगट आतल्या बाजूला फिरवलं आणि शेजारी बसलेल्या नातीकडे न बघताच हात पुढे केला. नातीने दोन बोटांनी मधला एक धागा उचलला. त्या पोरीला सांगावं लागलं नाही कुठला. आता चार हातांवर तो दोरा होता. मावशींनी दातातला फास सोडून दिला आणि हळूच हात लांब नेले, तशी मधे एक आकृती उघडली. चौकट, चौकटीत दोन त्रिकोण आणि त्यांच्यामधे एकमेकांकडे तोंड केलेली दोन माणसं. ती कुण्या जुन्या कथेतली भावंडं होती. मावशी कथा सांगत होत्या, मैत्रीण माझ्यासाठी इंग्रजीत सांगत होती, आणि कथेतलं एक भावंड निघून जातं त्या ठिकाणी नातीने आपला धागा सोडला. एक माणूस गेलं. आकृती मोडली नाही, दुसरं माणूस तसंच राहिलं.

मी नंतर घरी लोकरीच्या धाग्याने ते करून पाहिलं. दोन हातांनी होतच नाही. ती आकृती मुळात दोघींसाठीच बांधलेली आहे.

आणखी एक खेळ आहे, पुरुषांचा, फ्रिगेट पक्ष्यांचा. काळा, लांब टोकदार पंखांचा, शेपटी दुभंगलेली. समुद्रावरच जगतो पण पाण्यावर बसू शकत नाही, कारण त्याची पिसं भिजतात. नाउरूत हे पक्षी पाळतात. किनाऱ्यावर लाकडी मचाण उभं करायचं, त्यावर माणसाळलेले पक्षी बसवायचे, त्यांना मासे भरवायचे. त्यांना बघून रानटी पक्षी खाली येतात. ते टप्प्यात आले की वजन बांधलेली दोरी अशी फेकायची की ती उडत्या पक्ष्याच्या पंखावरून पडावी आणि पक्षी अलगद खाली यावा. इजा करायची नाही. पूर्वी यात गटागटांची चुरस लागायची आणि नियम कडक असायचे. पकडलेला पक्षी खायचा नसतो. तो भरवून, लाडावून मचाणावरच्या इतरांत सामील करायचा. देशाच्या राजमुद्रेवर हा पक्षी आहे.

त्या राजमुद्रेबद्दल सांगायलाच हवं. वरच्या अर्ध्यात विणलेल्या चटईसारखी सोनेरी पार्श्वभूमी आणि त्यावर फॉस्फरसचं जुन्या किमयागारांचं चिन्ह. खाली एका बाजूला फ्रिगेट पक्षी आणि दुसऱ्या बाजूला फुलांची एक डहाळी. ते फूल टोमानोचं. टोमानो म्हणजे आपली उंडी. कोकण किनाऱ्यावरची, जिच्या बियांच्या तेलावर एके काळी आमच्याकडे दिवे जळत आणि होड्यांना ते तेल चोपडत, तीच. पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळ्या केसरांचा गुच्छ. आमच्या मागच्या दारी दोन झाडं होती. एका देशाच्या मुद्रेवर ती असेल हे मला कुणी लहानपणी सांगितलं असतं तर मी तिच्याकडे जरा नीट पाहिलं असतं. केवड्याच्या जातीची झाडंही तिथे खूप. त्यांच्या फळांचा गर शिजवून, वाळवून दुष्काळासाठी राखून ठेवायची रीत होती. आणि बुआडा नावाचं बेटाच्या मधलं तळं. समुद्रातून मिल्कफिशची बोटभर पिल्लं पकडायची, त्यांना हळूहळू गोड्या पाण्याची सवय लावायची आणि तळ्यात सोडून वाढवायची. तळ्यात प्रत्येक कुटुंबाचा वाटा आखलेला असे. १९६० च्या सुमारास बाहेरून तिलापिया मासा आणून सोडला गेला आणि त्याने ही शतकांची मत्स्यशेती जवळजवळ बुडवली.

मुद्रेवर फॉस्फरस का, याचं उत्तर म्हणजे नाउरूचा विसाव्या शतकाचा इतिहास. सिडनीतल्या एका कंपनीच्या कचेरीत दार उघडं राहायला एक दगड लावलेला असायचा. नाउरूहून आणलेला. सगळे त्याला दगड झालेलं लाकूड समजत होते. अल्बर्ट एलिस या तिथल्या माणसाने तो तपासला आणि तो उत्तम प्रतीचा फॉस्फेट निघाला. खाणकाम सुरू झालं. सुरुवातीला जमिनीच्या मालकाला टनामागे अर्धा पेनी मिळे. १९२० पासून ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांनी मिळून खाण चालवली आणि त्या खतावर आपली कुरणं आणि शेतं पोसली. बेटाचा जवळजवळ ८० टक्के भाग खोदून नेला. मधल्या पठाराला तिथे टॉपसाइड म्हणतात. माती आणि फॉस्फेट काढून नेल्यावर उरले ते चुनखडीचे उंच, धारदार सुळके. त्यांच्यामधून चालताही येत नाही.

बेट राहण्याजोगं उरणार नाही हे दिसल्यावर १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियाने उपाय सुचवला: क्वीन्सलंडच्या किनाऱ्यालगतच्या कर्टिस बेटावर या सगळ्यांना नेऊन वसवू. घरं, जमीन, ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व. स्वतंत्र देश म्हणून राहता येणार नाही एवढंच. १९६४ मध्ये नाउरूच्या लोकांनी नकार दिला. मूळ नाउरू लोक तेव्हा तीन हजाराच्या आसपास होते. सुळक्यांनी भरलेलं आपलं बेट त्यांनी राखलं. मला हा नकार आणि ती ३१ जानेवारी एकाच निर्णयाच्या दोन बाजू वाटतात. एकदा बेटावरून नेल्यावर काय होतं ते ज्यांनी भोगलं होतं, त्यांच्यापुढे दुसऱ्या बेटाचा नकाशा ठेवण्यात अर्थ नव्हता.

पुढचं थोडक्यात. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांनी खाणी २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला विकत घेतल्या. सत्तरच्या दशकात पैसा आला, विमान कंपनी आली, मेलबर्नच्या कॉलिन्स स्ट्रीटवर १९७७ मध्ये ५२ मजली नाउरू हाउस उभं राहिलं. हा फॉस्फेट समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेतून तयार झाला असं मानतात, म्हणून त्या इमारतीला शहराने त्यावरून एक हिणकस टोपणनाव दिलं होतं. शेतं पिकवून देणाऱ्या मालाबद्दल, ज्या शहराने तो माल अर्ध्या पेनीत वापरला त्यानेच असं बोलावं, याची मला लाज वाटते. पैसा वाईट गुंतवणुकीत गेला, २००४ मध्ये ती इमारत विकावी लागली. आपल्या देशाशीही या पैशाचा धागा आहे. ओडिशातली पारादीप फॉस्फेट्स ही खत कंपनी १९८१ मध्ये भारत सरकार आणि नाउरू प्रजासत्ताक यांनी भागीत सुरू केली होती. भारतीय शेतकऱ्यांच्या डीएपीमागे एके काळी हे चिमुकलं बेट भागीदार म्हणून उभं होतं.

१९८९ मध्ये नाउरूने ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं: पालक म्हणून आलात आणि जमीन खणून टाकलीत, ती भरून द्या. त्याआधी श्रीलंकेचे कायदेपंडित ख्रिस्तोफर वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी आयोगाने सगळे कागद तपासून पाया घालून दिला होता. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाने १० कोटी ७० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. काही हजार माणसांच्या देशाने हे करवून घेतलं.

आता ताऱ्याची बारा टोकं. ती नाउरूच्या बारा वंशांची. वंश आईकडून चालतो. मूल आईच्या कुळाचं. त्यामुळे ज्या कुळात मुली उरत नाहीत ते कुळ मिटतं. इवी आणि इरुत्सी ही दोन कुळं अशीच मिटली आहेत. त्या कुळाचं आज कुणीही नाही. तरी झेंड्यावर टोकं बाराच आहेत. नव्या देशाचा झेंडा काढताना हयात माणसांपुरतीच टोकं काढता आली असती. त्यांनी गेलेल्यांचीही जागा ठेवली.

समुद्र वर येतो आहे आणि वस्ती बहुतेक किनाऱ्याला. म्हणून आता सरकारची योजना आहे लोकांना हळूहळू टॉपसाइडवर, त्या खणलेल्या पठारावर नेण्याची. सुळके फोडायचे, जमीन सपाट करायची, माती आणायची, घरं बांधायची. पैसा उभा करायला २०२५ पासून परदेशी लोकांना लाखभर अमेरिकी डॉलरच्या बदल्यात नागरिकत्व देणं सुरू केलं आहे. हे वाचून मी अस्वस्थ झाले. जो देश एकेका बाळासाठी थांबला, तिथे आता पैसे भरून नाव लागणार. मैत्रिणीशी बोलले तेव्हा तिला त्यात वावगं वाटलं नाही. ती म्हणाली, ती माणसं तिथे राहायला येणार नाहीत, आणि आली तरी मावशी त्यांना मोजेल. तिची चिंता वेगळी आहे. जमीन तिथे अजूनही कुटुंबांची आहे आणि वारसाने वाटली जात जात एकेका तुकड्याला शेकडो मालक झाले आहेत. तिच्या आईचे हिस्से निरनिराळ्या जिल्ह्यांत विखुरलेले आहेत; कुठे पाचव्या वाटणीतला वाटा, कुठे त्याच्याही पोटातला. ते सगळं तिने एका वहीत लिहून ठेवलं आहे. त्यातला एक तुकडा टॉपसाइडवर आहे.

त्या पठारावर खाणीच्या आधी जे जंगल होतं त्यात जास्त करून उंडीच होती. मैत्रिणीला तिथे पुन्हा उंडी लावायची आहे, आणि बी रुजत नाही अशी तिच्या भावाची तक्रार होती. मी गावी चुलतभावाला फोन लावला. तो म्हणाला, ‘ताई, बी तसंच पुरलं तर दोन-दोन महिने वाट बघायला लागते. वरचं कवच हलकेच फोडायचं, आतला गर दुखवायचा नाही, आणि थोड्या सावलीत लावायचं. वाळू चालते तिला.’ मी ते तिला इंग्रजीत लिहून पाठवलं. तिने भावाला पाठवलं. भावाने विचारलं आहे की कवच हातोडीने फोडायचं की दगडाने.